कानसेखालचा सूर

पेटीची असो की माउथ ऑर्गनची, रीड तुटण्याच्या बरीच आधी उतरू लागते. गेल्या महिन्यात नेमका लागणारा गंधार आज जरा खाली वाटतो. वाजवणारा आधी स्वतःच्या कानाला दोष देतो, मग तंबोऱ्याला, मग दिल्लीच्या हवेला. काही दिवसांनी तो स्वर घोगरा होतो आणि एका संध्याकाळी वाजेनासाच होतो. झाकण काढून भिंगाखाली पाहिलं की कारण सापडतं. पितळेची अरुंद पाती जिथे रिव्हेटने जखडलेली असते, त्या कडेलगत एक बारीक आडवी चीर गेलेली असते.

या दोन्ही वाद्यांचा जीव एवढाच: एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी अशी पाती आणि तिच्याहून किंचित रुंद अशी खालची खाच. हवा खाचेतून जाऊ लागली की ती पातीला आत ओढते, पाती आपल्या ताठरपणाने परत येते, पुन्हा ओढली जाते. किती वेळा? पांढरी एकचा मधल्या सप्तकातला सा घेतला तर सेकंदाला सुमारे २६१.६ वेळा. म्हणजे तो स्वर तासभर धरून ठेवला तर ती पाती नऊ लाख चाळीस हजारांहून अधिक वेळा वाकते. पोलादाला काही मर्यादेपर्यंत अशा वाकण्याने फारसं काही होत नाही. त्या मर्यादेच्या आत ते जवळजवळ अनंत काळ टिकू शकतं. पितळेला तशी मर्यादा नाही. त्याच्या खाती प्रत्येक हेलकावा मांडला जातो. चीर पडू लागली की पातीचा ताठरपणा घटतो, ताठरपणा घटला की कंपनं मंदावतात आणि स्वर उतरतो. तुटणं हा त्या हिशेबाचा शेवट, उतरणं ही त्याची आगाऊ सूचना.

पेटीच्या रीड माउथ ऑर्गनच्या मानाने दणकट असतात, भात्याचा दाबही बेताचा असतो, त्यामुळे चांगल्या पेटीच्या रीड दोन-तीन पिढ्या वाजतात. माउथ ऑर्गनची पाती पातळ, तिच्यावर थेट छातीचा जोर, वर ओलसर श्वास आणि लाळ. तिचं आयुष्य आपल्या डोळ्यांदेखत संपतं. पण दुखणं एकाच जातीचं आणि औषधही एकच: एक छोटी कानस, एक पातळ पट्टी आणि ती धरणाऱ्याचा कान.

हे औषध मिळण्याची जी जुनी ठिकाणं देशात आहेत, त्यांत दिल्ली आहे. आणि रीडच्या वाद्याला सरकारी हुकमाने रेडिओबाहेर काढलं गेलं तो हुकूमही दिल्लीचाच. या दोन गोष्टी एका शहरात एकाच वेळी चालू होत्या, पण त्या एकमेकींसमोर ठेवून पाहिल्या गेल्याचं सहसा दिसत नाही. ठेवल्या असत्या तर त्या हुकमातला एक आरोप कारखान्याच्या बाकावरच निकालात निघाला असता.

नई सडक ते चावडी बाजार

चांदणी चौकात टाउन हॉलच्या समोरून नई सडक आत शिरते आणि चावडी बाजाराला जाऊन मिळते. अलीकडे पुस्तकं, वह्या, परीक्षांची गाइडं. पलीकडे चावडीत लग्नपत्रिका, कागद आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेला तांब्या-पितळेचा व्यापार. चौकातच शीशगंज गुरुद्वारा आहे, जिथे दिवसभर कीर्तन चालतं आणि कीर्तनाला पेटी असते. पितळ एका टोकाला आणि पेटीचं गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाला अशा या पट्ट्यात वाद्यांची दुकानं रुजली यात नवल नाही. बीना म्युझिकल स्टोअर्स नई सडकवरच आहे. दर्यागंजात लाहोर म्युझिक हाउस आहे, नावातच त्याचं मूळ गाव आहे. कॅनॉट प्लेसमधलं रिखीराम हेही लाहोरचंच, १९२० साली सुरू झालेलं, फाळणीनंतर दिल्लीत आलेलं. रिखीरामची ख्याती सतारीची, पण लाहोरहून आलेल्या या घराण्यांनी दिल्लीच्या वाद्यबाजाराला जो आकार दिला त्यात पेटीचाही मोठा वाटा आहे.

पेटी दुरुस्तीला आली की चांगला कारागीर लगेच कानस उचलत नाही. आधी भाता दाबून, सगळ्या पट्ट्या सोडून ठेवतो आणि भाता किती वेळात बसतो ते बघतो. तो भरकन बसला तर दोष रीडचा नाही, कुठेतरी हवा गळते आहे: चामडं सुकलंय, सांधा उकललाय, पट्टीखालची कमानी ढिली झाली आहे. दिल्लीत हे फार होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, लाकूड सुकून आक्रसतं आणि रीडचे स्क्रू सैल पडतात. श्रावणात तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. गळती बंद केल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

मग एकेक स्वर. उशिरा बोलतो, म्हणजे पातीचं मोकळं टोक खाचेपासून जास्त वर उचललं गेलंय. खरखरतो, म्हणजे पाती खाचेच्या कडेला घासतेय किंवा मधे काही अडकलंय. पाती आणि खाच यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. एक धागा, लाकडाच्या भुशाचा एक कण तिला गप्प करायला पुरे. ज्या सूक्ष्म धूलिकणांमुळे दिल्ली दर हिवाळ्यात बातम्यांत असते ते मात्र इथे निर्दोष. अडीच मायक्रॉनचा कण या फटीतून सहज निघून जातो. पेटीला छळते ती डोळ्यांना दिसणारी धूळ, उन्हाळ्यातल्या आंधीबरोबर राजस्थानकडून येणारी.

आणि स्वर उतरला असेल तर? इथे घाई करणाऱ्याची आणि जाणत्याची परीक्षा होते. पातीच्या मोकळ्या टोकावर मळ किंवा हिरवट कळंक साचला तरी टोक जड होऊन स्वर उतरतो. घाई करणारा टोकाकडे कानस मारून स्वर वर आणतो. वर्षभराने तो मळ झडतो आणि स्वर हवा त्याहून चढा होऊन बसतो. जाणता आधी पुसतो, ब्रशने झाडतो, पुन्हा ऐकतो आणि मग ठरवतो.

कानसेचा नियम सोपा आहे. टोकाकडचं पितळ खरवडलं की पातीचं हलणारं वजन घटतं, स्वर चढतो. मुळाकडचं, रिव्हेटजवळचं खरवडलं की ताठरपणा घटतो, स्वर उतरतो. पातीखाली पातळ पत्र्याची पट्टी सारायची, म्हणजे ती वाकणार नाही, आणि वरून एक-दोन हलके हात मारायचे. रीड पुन्हा जागेवर बसवायची, भाता द्यायचा, ऐकायचं. हाताच्या उबेने आणि घासण्याने पितळ तापलेलं असतं, म्हणून थोडं थांबून पुन्हा ऐकायचं. घाईत मिळवलेली पेटी दुसऱ्या दिवशी वेगळी बोलते ती यामुळेच.

कानस फक्त काढते, घालत नाही. दर मिळवणीला पाती थोडी पातळ होते. फार खाली न्यायचा स्वर असेल तर टोकावर डाखाचा एक थेंब ठेवता येतो, खर्जाच्या रीडना असा भार मुळातच दिलेला आढळतो. पण मुळाशी खोल खरवड पडली तर चीर तिथूनच सुरू होते. म्हणून जिथे डागडुजीत अर्थ नाही तिथे रीडच बदलतात. पेटीची प्रत्येक रीड आपापल्या पितळी चौकटीसह स्वतंत्र असते आणि स्क्रूंनी बसवलेली असते. चौकट काढली, दुसरी बसवली, चामड्याची बैठक घट्ट आहे ना ते पाहिलं की झालं. प्रश्न फक्त कुठली बसवायची. दिल्लीची रीड, गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याची, की एखाद्या जुन्या मोडक्या पेटीतून काढलेली जर्मन वा फ्रेंच? पालिताणा बाहेरच्यांना शत्रुंजयाच्या जैन मंदिरांसाठी माहीत असतं. पेटीवाल्यांना ते पितळेच्या रीडसाठी माहीत असतं. नवी रीड जुन्यांच्या शेजारी बसली की तिचा नाद निराळा पडतो, त्यामुळे स्वर जुळवण्याबरोबर नादही जुळवावा लागतो. हे काम मोबाइलवरच्या ट्यूनरला जमत नाही, कारण ट्यूनर उंची मोजतो, जात ओळखत नाही.

अलीपूर रोडचा निकाल

आता त्याच शहरातला दुसरा पत्ता. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीचं रेडिओ केंद्र १८, अलीपूर रोड या बंगल्यात सुरू झालं. बीबीसीतून आलेले लायोनेल फील्डन तेव्हा प्रसारणाचे नियंत्रक होते. त्याच वर्षी जूनमध्ये संस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. पुढच्या वर्षी इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स दिल्ली केंद्राच्या पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. हिंदुस्थानी संगीताबद्दल त्यांना मनापासून आदर होता, आणि त्या आदरापोटीच १९३८ साली 'द इंडियन लिसनर' या रेडिओच्या पाक्षिकात त्यांनी हार्मोनियमवर सणसणीत लेख लिहिला. वाद्याच्या नावातला पहिला तुकडा तोडून 'हार्म' म्हणजे अपाय असा श्लेष त्याच्या मथळ्यातच होता. १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला. १९४० च्या जानेवारीत रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटीविषयीची आपली जुनी नापसंती कळवली. आणि १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियम बंद झाली.

कारणं अनेक सांगितली गेली: पेटी परदेशी, पेटी कर्कश, पेटी गायकाचे दोष झाकते. पण संगीताच्या अंगाने गंभीर आरोप दोनच. एक, तिचे बारा स्वर युरोपीय पद्धतीने समान अंतरावर बसवलेले असतात, ते आपल्या रागांचे स्वर नव्हेत. दोन, तिला मींड घेता येत नाही. एका स्वरातून दुसऱ्यात सरकत जाणं हा आपल्या गाण्याचा प्राण, आणि पेटी पायऱ्या मोजत जाते.

पहिला आरोप खरा आहे आणि तो आकड्यांत मांडता येतो. पांढरी एकच्या षड्जाला २६१.६ कंपनं धरली तर समान विभागणीचा शुद्ध गंधार ३२९.६ वर येतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार मात्र ३२७ वर असतो. फरक जेमतेम अडीच कंपनांचा. पण तंबोऱ्याच्या षड्जाचा पाचवा उपस्वर आणि पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर यांच्यात हाच फरक चौपट होतो, आणि दोघे एकत्र वाजले की सेकंदाला दहा वेळा थरथर ऐकू येते. किराणा घराण्याच्या गायकाने गंधार लावून ठेवावा आणि शेजारी पेटीने असा थरथरता गंधार धरावा, हे ज्याला खुपलं त्याचा कान वाईट नव्हता.

पण तो गंधार ३२९.६ वर बसवला कोणी? वाद्याने नव्हे. पॅरिसमध्ये १८४२ साली अलेक्झांडर दबेंने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने पुढे ती मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवण्याजोगी केली. या साऱ्या प्रवासात पितळेच्या पातीने गंधाराबद्दल कधीच आपलं मत दिलं नाही. तो कानस धरणाऱ्याने ठरवला. ३२९.६ वरून ३२७ वर यायचं तर मुळाशी चार हलके हात पुरतात. नई सडकवरचा कोणताही मुरलेला कारागीर हे काम चहा निवायच्या आत करील.

सांगलीचे देवल, ठाण्याचे ओक

हे रेडिओच्या लोकांना कळायला हवं होतं, कारण मराठी मुलखात ते चोवीस वर्षांपूर्वीच करून दाखवलं गेलं होतं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा गणिती अभ्यास करून १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाले. मिरजेच्या परिसरात वावरणारे गायक अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांना आपला गळा देत होते. या मंडळींनी श्रुतींची हार्मोनियम लंडनमध्ये बनवून घेतली आणि १९१६ साली बडोद्यात भातखंड्यांच्या पुढाकाराने भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली. परिषदेत तिच्यावर कडाडून वाद झाला. श्रुती नेमक्या किती आणि कुठे यावर विद्वानांचं एकमत नव्हतं, आजही नाही. पण एक गोष्ट त्या दिवशी सर्वांसमोर आली होती: पेटीच्या रीडला तुम्ही सांगाल तो स्वर देता येतो. भांडण होतं ते कुठला द्यायचा यावर.

ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची पेटी याच वाटेवरचा अलीकडचा टप्पा आहे. तिच्यात षड्ज-पंचम सोडून बाकीच्या स्वरांना दोन-दोन जागा आहेत आणि खुंटी ओढून रागाप्रमाणे हवी ती निवडता येते. देवलांपासून ओकांपर्यंतचं शतक पाहिलं की लक्षात येतं, मराठी माणसाने पेटीवर जितका जीव लावला तितकीच तिच्याशी झटापटही केली. गोविंदराव टेंब्यांपासून आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकरांपर्यंत ज्यांनी ती गाती केली ते एका बाजूला; आणि दुसऱ्या बाजूला, गंमत म्हणजे, तिला रेडिओच्या दाराबाहेरच ठेवणारेही मराठीच. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी खातं पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होतं. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ही त्यांचीच देणगी, चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून हुसकावून श्रोत्यांना रेडिओ सिलोनकडे ढकलणंही त्यांच्याच काळातलं, आणि पेटीवरची बंदी त्यांनी तशीच चालू ठेवली. त्याच आकाशवाणीत १९५५ साली पु. ल. देशपांडे नोकरीला लागले आणि १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांत ते होते. पेटीवर ज्यांची बोटं आयुष्यभर फिरली त्या माणसाची नोकरी पेटीला बंदी असलेल्या संस्थेत.

बंदी होती ती रेडिओवर, शहरात नव्हे. दिल्लीत गांधर्व महाविद्यालय १९३९ साली, म्हणजे बंदीच्या आदल्याच वर्षी सुरू झालं. त्याचे संस्थापक विनयचंद्र मौद्गल्य हे पुण्याच्या विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य, विष्णू दिगंबरांच्या परंपरेतले. गुरुद्वाऱ्यांत, शाळांत, कव्वालीत, घराघरांत पेटी वाजतच राहिली आणि त्यामुळे दुरुस्तीचे बाकही चालू राहिले. १९७० साली आकाशवाणीने दिल्लीत या प्रश्नावर चर्चासत्र घेतलं आणि १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली; ठरावीक श्रेणीच्या कलावंतांना साथीला पेटी घेता येऊ लागली. पुढे याच दिल्लीत राहून साथ करणाऱ्या महमूद धौलपुरींना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली. वाद तरीही संपलेला नाही. २०२२ च्या मे महिन्यात अकाल तख्ताच्या जथेदारांनी अमृतसरच्या हरिमंदिर साहिबमधल्या कीर्तनातून तीन वर्षांत हार्मोनियम कमी करत न्यावी आणि तंतुवाद्यं परत आणावीत, असं शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीला सांगितलं.

मींड घेणारी रीड

उरला दुसरा आरोप, मींडेचा. इथे कानस हतबल आहे. पट्टी दाबली की झडप उघडते, सोडली की मिटते, मधलं काही नाही. पण हा दोष तरी रीडचा आहे का? त्याचं उत्तर खिशात मावणाऱ्या वाद्याकडे आहे.

जर्मनीतल्या ट्रोसिंगेनमध्ये मातियास होनरने १८५७ साली माउथ ऑर्गनचा कारखाना काढला आणि पाहता पाहता हे वाद्य जगभर गेलं. आपल्याकडे ते राहुलदेव बर्मन यांनी 'सोलवाँ साल' आणि 'दोस्ती'साठी वाजवलं, 'शोले'त अमिताभच्या ओठांवर दिसलेलं भानू गुप्तांनी. दहा छिद्रांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्ये प्रत्येक छिद्रामागे एकाच कप्प्यात दोन रीड असतात, एक फुंकल्यावर वाजणारी, दुसरी श्वास ओढल्यावर. पांढरी एकच्या माउथ ऑर्गनचं तिसरं छिद्र घ्या. फुंकलं की पंचम, ओढलं की शुद्ध निषाद. ओढता ओढता जीभ मागे नेऊन तोंडाची पोकळी बदलली की निषाद खाली सरकू लागतो, कोमल निषाद, धैवत, पार कोमल धैवतापर्यंत, मधे एकही पायरी न घेता. वाजवणारा दोन रीडना एकमेकींच्या आड आणतो: ओढीची रीड मंदावत जाते आणि फुंकीची रीड, हवा उलट दिशेने जात असतानाही, हळूहळू कंपनं आपल्याकडे घेते. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी ब्लूज संगीतात यावर सारा संसार उभा केला. पितळेच्या त्याच पातीने, जिला मींड येत नाही म्हणून दिल्लीत हद्दपार केलं होतं.

मींड न येणं हा पेटीच्या पट्ट्यांचा आणि झडपांचा दोष, रीडचा नव्हे. मात्र या मींडेची किंमत रीड मोजते. ओढून वाकवताना पातीचा झोका तिच्या नेहमीच्या झोक्याहून मोठा होतो, मुळाशी ताण वाढतो, चीर लवकर पडते. जोरात वाकवणाऱ्याच्या माउथ ऑर्गनमध्ये चौथ्या छिद्राची ओढीची रीड बहुधा आधी जाते. तिचा रिषभ सेकंदाला ५८७ कंपनांचा; तासाचा हिशेब एकवीस लाखांवर जातो, तोही मोठ्या झोक्यांचा. क्लिंगेन्थालच्या सायडल कंपनीने या शतकात स्टेनलेस पोलादाच्या रीड आणल्या त्या याच कारणाने.

आपल्याकडे घरोघरी असलेला माउथ ऑर्गन मात्र बहुतेक वेळा ट्रेमोलो जातीचा, दोन ओळी छिद्रांचा, चिनी टॉवर किंवा हीरो छापाचा. त्यात एका स्वराला दोन रीड, मुद्दाम किंचित फरकाच्या, म्हणून तो लाटांसारखा डुलतो. त्यात मींड जवळजवळ येत नाही, पण दुखणं ओळखायला तो सोपा. दोन्हींतली एक रीड उतरली की डुलण्याची चाल बदलते. सवयीच्या कानाला चिरीचा पत्ता तिथेच लागतो.

माउथ ऑर्गनची रीड बदलणं पेटीपेक्षा नाजूक. सगळ्या रीड एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या दोन पट्ट्यांवर रिव्हेट केलेल्या असतात. पट्टी लाकडी किंवा प्लास्टिकच्या अंगावरून सोडवायची, खिळ्यांची असेल तर पातळ सुरी सारून हळूहळू उचलायची. मेलेल्या रीडचा रिव्हेट खालून ठोकून काढायचा. तिच्या जागी त्याच लांबी-रुंदीची, त्याच स्वराच्या जवळपासची रीड हवी आणि ती सुटी क्वचितच मिळते. मग दुसऱ्या निकामी वाद्यातून काढायची. म्हणून या छंदातली माणसं फुटके माउथ ऑर्गन टाकत नाहीत. नवी रीड रिव्हेटने किंवा दीड मिलिमीटरच्या आसपासच्या स्क्रूने बसवायची. पट्टी उजेडासमोर धरून खाचेच्या दोन्ही बाजूंनी सारखी प्रकाशरेघ दिसेपर्यंत ती सरकवायची, मग घट्ट आवळायची. टोकाची उंची बघायची: फार वर असेल तर श्वास वाया जातो, फार खाली असेल तर जोरात ओढल्यावर ती गप्प बसते. शेवटी कानस. दुकानदारीच्या हिशेबात या तासाभराच्या कामाची मजुरी नव्या चिनी वाद्याच्या किमतीशी झोंबी घेते, म्हणून दिल्लीत हे काम दुकानांपेक्षा छंदी माणसांच्या टेबलांवर जास्त होतं. महागड्या वाद्यासाठी कंपन्या पट्ट्यांची आख्खी जोडी विकतात. ती परदेशाहून मागवणं सोपं, पण त्यात एका रीडसाठी वीस रीड बदलल्या जातात.

कोण गाणार?

तर मग पेटी सरसकट आपल्या स्वरांत मिळवून का घेऊ नये? कानस आहे, कारागीर आहे, देवलांपासूनचं गणितही आहे.

अडचण अशी. समजा, पांढरी एक षड्ज धरून सगळे स्वर तंबोऱ्याच्या हिशेबाने लावले. त्या षड्जावर गाणाऱ्याला पेटी स्वर्ग वाटेल. आता शेजारचा गायक आला, त्याची पांढरी दोन. त्याचा षड्ज म्हणजे पहिल्याचा रिषभ, त्याचा पंचम म्हणजे पहिल्याचा धैवत. आणि तो पंचम निघतो खऱ्या पंचमापेक्षा सेकंदाला पाचाहून अधिक कंपनांनी खाली, जवळजवळ एका श्रुतीएवढा. कोणत्याही रागात चालणार नाही असा. समान विभागणीचा पंचम खऱ्यापासून अर्ध्या कंपनाएवढाही दूर नसतो. तिथे गंधार सगळ्यांचाच थोडा चुकतो, पण कोणाचाच पंचम मोडत नाही.

म्हणजे ज्याला १९४० मध्ये परकेपणा म्हटलं गेलं, ती खरं तर अनेकांनी एक वाद्य वाटून घेण्याची किंमत होती. गुरुद्वाऱ्यातल्या पेटीवर दिवसभरात कितीतरी रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, येतात, शाळेतल्या पेटीवर मुलगे आणि मुली दोघेही गातात, रेडिओच्या स्टुडिओतली पेटी तर रोज नव्या गळ्याला सामोरी जाणार. तिथे समान विभागणी हा समजूतदारपणा आहे. एकाच गायकाच्या, एकाच षड्जाच्या पेटीत मात्र ती निव्वळ आळस आहे.

मोबाइलवरचे ट्यूनर हा आळस पक्का करत चालले आहेत. ते मुळातच समान विभागणीवर बेतलेले असतात, सुई हिरव्या रेघेवर आली की कारागीर पुढची रीड उचलतो. फील्डन आणि फोल्ड्सना जी मिळवणी नको होती, ती आता कोणी हुकूम न काढता घराघरातल्या पेटीत शिरते आहे. त्यावर उपाय मात्र गिऱ्हाइकाच्या हातात आहे. पेटी दुरुस्तीला देताना नुसतं 'ट्यून करून द्या' म्हणू नका. षड्ज कुठला ते सांगा, या पेटीवर एकच माणूस गाणार की अनेक ते सांगा, आणि एकच असेल तर ट्यूनर बाजूला ठेवून तंबोरा लावून बसा. जाणता कारागीर याने नाराज होत नाही. कानस उचलण्याआधी त्याला हेच विचारायचं असतं: गाणार कोण? दिल्लीने पेटीवर तीस वर्षांचा निकाल दिला तेव्हा हा प्रश्न विचारला असता, तर निकाल वाद्यावर द्यावा लागला नसता. मिळवणीवर देऊन भागलं असतं.